शब्दसाम्य आणि संकेतभेद : ‘सचिव’ व इतर काही संज्ञा

बंगळूरच्या विधानसौधात ज्याला ‘सचिव’ म्हणतात तो मुंबईच्या मंत्रालयातील ‘सचिवा’हून अगदी वेगळा मनुष्य असतो. कन्नडात सचिव म्हणजे लोकांनी निवडून दिलेला, विधिमंडळाला जबाबदार असलेला मंत्री; मंत्रिमंडळाला तेथे ‘सचिव संपुट’ असे नाव आहे. स्पर्धापरीक्षा देऊन शासकीय सेवेत आलेला, धारिकेवर टिपण लिहून ती मंत्र्यापुढे ठेवणारा जो अधिकारी, तो कन्नडात ‘कार्यदर्शी’ होय. आपण ज्याला मुख्य सचिव म्हणतो तो ‘मुख्य कार्यदर्शी’. मराठीत हीच मांडणी उलटी आहे. मंत्री हा निवडून येणारा आणि सचिव हा नेमला जाणारा, ही विभागणी आपल्याकडे इतकी पक्की झाली की मुंबईतील ज्या इमारतीला ‘सचिवालय’ म्हणत असत, तिचे नाव १९७५ मध्ये ‘मंत्रालय’ असे करण्यात आले. सत्ता कोणाची, हे नामफलकावरून कळावे एवढाच त्या बदलाचा हेतू असू शकतो. बंगळुरात मात्र हा तर्क लागू पडला नसता, कारण तेथे ‘सचिव’ या शब्दातच ती सत्ता आहे.

या उदाहरणाला मौजेचे म्हणून बाजूस सारता येत नाही. बेळगावात किंवा निपाणीत बसून कन्नड शासनपत्राचा मराठी अनुवाद करणाऱ्या मनुष्याने ‘सचिव’ हा शब्द जसाच्या तसा ठेवला, तर मंत्र्याचे आश्वासन अधिकाऱ्याच्या पदरी पडते. शब्द परका असता तर त्याने कोश उघडला असता. ओळखीचा आहे म्हणून तो फसतो. भारतीय भाषांसाठी समान परिभाषा निर्माण करण्याचा जो मोठा उद्योग स्वातंत्र्यानंतर सुरू झाला, त्याच्या मुळाशी नेमकी ही ओळखच आहे. हिंदीने आपला शब्दसंग्रह मुख्यतः संस्कृतातून वाढवावा असे संविधानाच्या ३५१ व्या अनुच्छेदात म्हटले आहे. १९६१ मध्ये केंद्र शासनाने वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावलीसाठी आयोग स्थापन केला, आणि अखिल भारतीय स्वरूपाच्या संज्ञा सिद्ध करणे हे त्याचे एक उद्दिष्ट राहिले. संस्कृत शब्द सर्व भाषांत आहेत, तेव्हा संज्ञा संस्कृत असली की अर्थ सर्वत्र एकच राहील, हे त्यामागील गृहीत आहे. ते तपासून पाहण्यास मराठी आणि कन्नड यांच्याइतके सोयीचे क्षेत्र दुसरे नाही. दोन्ही भाषांनी शतकानुशतके एकाच संस्कृत भांडारातून उचल केली, एकाच फारसी दफ्तराचा वारसा घेतला, आणि तरीही दोघींचे संकेत जागोजागी फाकले. असे का व्हावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. शब्दाला अर्थ व्युत्पत्तीने मिळत नाही, व्याख्येनेही मिळत नाही. ज्या व्यवहारात तो वापरला जातो आणि त्या व्यवहारात त्याच्या शेजारी जे दुसरे शब्द उभे असतात, त्यांच्याकडून तो मिळतो, असे मला वाटते. व्याख्या ही मागाहून येते आणि व्यवहाराने दिलेल्या अर्थाला कुंपण घालते.

हे मत नवे नाही. शब्दाच्या शक्तीचे ज्ञान कशाने होते, याची आठ साधने आपल्या शास्त्रकारांनी सांगितली आहेत : व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवरण आणि प्रसिद्ध शब्दाचे सान्निध्य. या यादीत कोश हे आठांतील एक साधन आहे, एवढेच. पहिले ज्ञान व्यवहारानेच होते, हे दाखविण्यासाठी मीमांसक आणि नैयायिक जे उदाहरण देतात ते प्रसिद्ध आहे. एक वृद्ध दुसऱ्याला ‘गाय आण’ म्हणतो, मग ‘गाय बांध’ म्हणतो, मग ‘घोडा आण’ म्हणतो. जवळ उभे असलेले मूल प्रत्येक वेळी काय घडते ते पाहते, आणि कोणता शब्द बदलला असता कोणती गोष्ट बदलली यावरून एकेका शब्दाचा अर्थ वेगळा काढते. यालाच आवाप आणि उद्वाप म्हणतात. मुलाला गायीचे लक्षण कोणी सांगितलेले नाही. ‘गाय’च्या जागी ‘घोडा’ येऊ शकतो, या शक्यतेतून त्याला गाय कळली. जेथे पर्यायच नसतो तेथे अर्थही धूसर राहतो, हे या दृष्टांतातून निघणारे अनुमान मला फार महत्त्वाचे वाटते.

संकेताचे दोन प्रकार मानण्यात आले : आजानिक, म्हणजे परंपरेने आलेला, आणि आधुनिक, म्हणजे शास्त्रकाराने एखाद्या वेळी केलेला. दुसऱ्या प्रकारालाच परिभाषा म्हणावयाचे. ‘गुण’ हा एकच शब्द पाहावा. पाणिनीच्या शास्त्रात अ, ए, ओ हे तीन स्वर म्हणजे गुण. वैशेषिकांचे गुण चोवीस. सांख्यांचे गुण तीन, आणि तेही वैशेषिकांच्या अर्थाने गुण नव्हेतच, कारण ती प्रकृतीची घटकद्रव्ये आहेत. साहित्यशास्त्रात माधुर्य, ओज, प्रसाद. विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेतील गुण आणखी निराळे. यांपैकी कोणताही अर्थ चुकीचा नाही. प्रत्येक शास्त्राने आपल्या आवारात कुंपण घातले, आणि आवाराबाहेर पाऊल टाकताच ते कुंपण संपते. पतंजलीने महाभाष्याच्या आरंभी म्हटले आहे की घडा हवा असलेला मनुष्य कुंभाराच्या घरी जातो, पण शब्द हवा म्हणून कोणी वैयाकरणाच्या घरी जात नाही. परिभाषा समित्यांच्या युगात हे विधान वाचताना थोडे हसू येते. आज लोक खरोखरच शब्द घडवून घेण्यासाठी जातात. पण घडलेला घडा पाणी भरल्याशिवाय घडा होत नाही, हेही तितकेच खरे.

आता ‘सचिवा’कडे परत येऊ. मूळ संस्कृतात सचिव म्हणजे सोबती, साहाय्यक. रघुवंशातील अजविलापात कालिदासाने पत्नीलाही हा शब्द लावला आहे. अमरकोशात राजाच्या साहाय्यकांचे दोन वर्ग दिसतात : बुद्धीने साहाय्य करणारा तो धीसचिव, त्यालाच मंत्री व अमात्य म्हणावे, इतर ते कर्मसचिव. कन्नडाने धीसचिव उचलला आणि मराठीने कर्मसचिव, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु एकोणिसाव्या-विसाव्या शतकातील कारकुनांनी अमरकोश उघडून निवड केली असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. मूळ शब्दाची कक्षा रुंद होती आणि दोन भाषांच्या राज्यव्यवहारात रिकाम्या जागा वेगवेगळ्या होत्या, एवढेच यावरून सिद्ध होते.

मराठीतील जागा कोणत्या होत्या हे पाहण्यासाठी शिवकालात जावे लागते. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास अष्टप्रधानांची फारसी नावे जाऊन संस्कृत नावे आली, आणि त्याच धोरणातून राजव्यवहारकोश सिद्ध झाला. तो दहा वर्गांत आणि संस्कृत श्लोकांत बांधलेला आहे. राजवर्ग, कार्यस्थानवर्ग, दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग, पण्यवर्ग अशी त्यातील काही वर्गांची नावे. त्याच्या कर्तृत्वाविषयी मतभेद आहेत. कर्ता रघुनाथ पंडित म्हणजे रघुनाथ नारायण हणमंते असे परंपरेने मानले जाते; धुंडिराज व्यासाचे नावही पुढे केले जाते. परंपरा ग्राह्य धरली तर कोशाचे एक मूळ आपल्याला बंगळूरपर्यंत नेता येते. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजांनी बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. रघुनाथपंतांचे वडील नारोपंत हे शहाजीराजांचे कर्नाटकातील कारभारी होते. तेव्हा ज्या घरात कन्नड मुलखाचा वसूल, आदिलशाही दफ्तराची फारसी आणि मराठी हिशेब एकत्र नांदत होते, त्या घरातील मनुष्याला शब्दांच्या अदलाबदलीचा प्रश्न पुस्तकी वाटला नसणार.

या कोशात व्याख्या नाहीत, समीकरणे आहेत. सुरनीस तो सचिव, वाकनीस तो मंत्री, डबीर तो सुमंत, मुजुमदार तो अमात्य. त्यामुळे घडले असे की संस्कृत शब्दाला त्याच्या धातूतून अर्थ मिळालाच नाही. फारसी पदाच्या कामातून तो मिळाला. ‘मंत्री’ या शब्दात मंत्र आहे, मसलत आहे. परंतु अष्टप्रधानांतील मंत्र्याचे काम वाकनिसाचे, म्हणजे राजाच्या खासगी व्यवहारावर व भेटीगाठींवर नजर ठेवण्याचे होते. सचिवाने राजपत्रे तपासावीत, मजकुरातील न्यूनाधिक दुरुस्त करावे, महालांचे हिशेब पाहावेत, कारण सुरनीस तेच करीत असे. नाव नवे, अर्थ जुना. जे परभाषेतील शब्दांना प्रतिशब्द देऊन भाषा शुद्ध झाली असे मानतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे : प्रतिशब्द हा पहिल्या पिढीत मूळ शब्दाचा मुखवटा असतो, आणि पुढे कधी तरी, व्यवहार बदलला तर, त्याला स्वतःचा चेहरा येतो.

व्यवहार बदलला, पण कोशकाराच्या अपेक्षेप्रमाणे नव्हे. अठराव्या शतकात सत्ता ज्याच्या हाती आली त्याला लोकांनी ‘मुख्य प्रधान’ न म्हणता ‘पेशवा’ म्हटले. दफ्तर फडणिसाचे आणि पत्रे चिटणिसाची राहिली. संस्कृत नावे वंशपरंपरागत किताब होऊन बसली : भोरचे पंत सचिव, बावड्याचे पंत अमात्य. काही तर आडनावांत जिरली. आज सुमंत आणि डबीर ही दोन्ही आडनावे एकाच गावात सापडतील आणि आपण एकमेकांचे भाषांतर आहोत याचा पत्ता त्या कुटुंबांना नसेल. मग विसाव्या शतकात संसदीय राज्यपद्धती आली, तिने एक नवाच भेद आणला. निवडून आलेला आणि नेमलेला, बदलणारा आणि कायम राहणारा, असे दोन पक्ष समोरासमोर उभे राहिले. अष्टप्रधानांत मंत्री आणि सचिव हे एका पंक्तीतले होते. आता ते परस्परांच्या विरोधाने ओळखले जाऊ लागले. ‘मंत्री’ म्हणजे जो सचिव नव्हे तो. म्हैसूर संस्थानात दिवाण हा राज्यकारभाराचा प्रमुख असे. ऑक्टोबर १९४७ मध्ये लोकनियुक्त सरकार आले. तेथेही हाच भेद उभा राहिला, पण ‘कार्यदर्शी’ हा शब्द खालच्या जागेवर बसल्याने ‘सचिव’ वर जाण्यास मोकळा होता. मराठीत कार्यदर्शी हा शब्द त्या जागेवर नव्हता. म्हणजे मराठी सचिवाचा अर्थ अंशतः एका अशा शब्दाने ठरला, जो मराठीत रुळलाच नाही.

मराठीतील गुंता येथेच संपत नाही. चिटणीस हा फारसी वळणाचा शब्द दरबारातून गेला, आणि संस्थांच्या व राजकीय पक्षांच्या घटनांत निवडून येणारा पदाधिकारी म्हणून परत आला. पक्षाचा ‘सरचिटणीस’ असतो, शासनाचा कधी नसतो. वाङ्मयीन संस्था त्याच कामासाठी ‘कार्यवाह’ पसंत करतात. आणि हिंदीत ‘प्रधानमंत्री’ असताना मराठीने ‘पंतप्रधान’ राखला, ज्यातील ‘पंत’ आज कोणाच्याही मनात पंडिताची आठवण जागी करीत नाही.

राजपदांच्या नावांत प्रतिष्ठेचा प्रश्न असतो. जमिनीच्या कागदांत पोटाचा असतो, म्हणून तेथील शब्द अधिक बोलके आहेत. कर्नाटकात शेतकऱ्याला आपल्या जमिनीच्या हक्काचा, कुळवहिवाटीचा आणि पिकाचा जो उतारा लागतो, त्याला कन्नडात ‘पहणी’ म्हणतात. हा आपला ‘पाहणी’ शब्द आहे, यात संशय नसावा. मराठीत पाहणी ही क्रिया राहिली : पीकपाहणी केली जाते आणि तिची नोंद गावनमुना बारामध्ये होते. कन्नडात मात्र पहणी हा कागद आहे; तो मागता येतो, हरवता येतो, बँकेत तारण म्हणून दाखवता येतो. असे का झाले? मराठी माणसाला ‘पाहणी’त ‘पाहणे’ ऐकू येते. धातू जागा असल्यामुळे शब्द क्रियेपासून फार दूर जाऊ शकत नाही. कन्नडात पाहण्याला ‘नोडु’ हा धातू. ‘पहणी’ तेथे मुळापासून तुटलेला, निव्वळ रूढ शब्द आहे, आणि म्हणून कोणत्याही वस्तूला चिकटण्यास मोकळा आहे. रूढी योगाला मागे सारते असे शास्त्रकार म्हणतात. योग मुळातच नसला तर रूढीला अडवणारे कोणीच नाही. पण मराठीने तरी कागदाला कोणते नाव दिले? ‘सातबारा’. गावनमुना सात आणि बारा यांच्या अंकांतून निघालेला हा शब्द कोणत्याही समितीने केलेला नाही, त्याचा धातू नाही, आणि तरी महाराष्ट्रातील ज्या शेतकऱ्याला ‘अधिकार अभिलेख’ म्हणजे काय ते सांगता येणार नाही, त्याला सातबारा म्हणजे काय ते चोख कळते. एखाद्या गोष्टीवरचा हक्क सांगताना ‘ही काय तुझ्या नावावर सातबारा केलेली आहे?’ असे आपण भांडणातही म्हणतो.

बंगळूर शहरात ‘खाता’ या शब्दाचे महत्त्व याहून अधिक. मराठीत खाते म्हणजे हिशेबाचे पान, त्यावरून बँकेतील खाते, त्यावरून शासनाचा विभाग. जमिनीच्या संबंधात ‘खातेदार’ आणि ‘खाते उतारा’ हे प्रयोग आहेत. बंगळुरात खाता म्हणजे नगरपालिकेच्या दफ्तरात मिळकतीची कर आकारणीसाठी झालेली नोंद आणि त्या नोंदीचा दाखला. व्याख्येने एवढेच. परंतु घर घेणारा मनुष्य ‘खाता कोणाच्या नावावर आहे’ असे विचारतो तेव्हा त्याला मालक कोण हेच विचारावयाचे असते. महसुली किंवा कराच्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही, असे न्यायालयांनी वारंवार सांगितले आहे. महाराष्ट्रातही १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंत खरी मानली जाते, त्यापलीकडे नाही. पुढे शहरात नियमबाह्य मिळकतींसाठी वेगळी नोंदवही आली, आणि ‘ए खाता’ व ‘बी खाता’ ही जोडी जन्मली. जोडी झाल्याबरोबर शब्दाचा अर्थ आणखी सरकला. पूर्वी खाता असणे आणि नसणे एवढाच भेद होता. आता ‘ए’ म्हणजे निर्दोष, ‘बी’ म्हणजे डागी, असा मालकीच्या प्रतवारीचा अर्थ त्याला चिकटला. कर भरण्याच्या नोंदीला मालकीची प्रत कशी असेल? पण बाजाराने ती लावली आहे, आणि किंमत तिच्याप्रमाणे ठरते.

लक्षणाचे तीन दोष आपल्याकडे गायीच्या उदाहरणाने शिकवतात. गाय तांबूस असते म्हटले तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती; शिंगे असतात ती गाय म्हटले तर म्हैसही येते, ही अतिव्याप्ती; एक खूर असतो ती गाय म्हटले तर एकही गाय सापडत नाही, हा असंभव. या कसोटीवर खात्याची शासकीय व्याख्या निर्दोष ठरेल. तरीही ती मनुष्याला वाचवीत नाही, कारण त्याच्या बोलण्यात असलेला शब्द आणि व्याख्येत असलेला शब्द हे दोन निराळे संकेत आहेत. नैयायिकांचे तीन दोष लक्षण आणि लक्ष्य यांच्यातील आहेत. लक्षण एकाच्या ओठी आणि लक्ष्य दुसऱ्याच्या मनात, हा चौथा दोष त्यांनी गणला नाही. गायीच्या बाबतीत त्याची गरज पडली नसावी.

तत्सम शब्दांची आणखी काही उदाहरणे केवळ नोंदवून पुढे जातो. ‘अनुमान’ कन्नडात संशय आहे. कोणाविषयी अनुमान येणे म्हणजे त्याच्यावर शंका येणे. मराठीतील ‘अनमान’, म्हणजे कांकू करणे, हा बहुधा याच शब्दाचा झिजलेला अवतार असून त्यात त्या अर्थाची सावली दिसते. ‘अवसर’ कन्नडात घाई. ‘शिक्षा’ मराठीत दंड, कन्नडातील ‘शिक्षे’ही दंडच, आणि हिंदीत विद्यादान. ‘राजीनामा’ मराठी-कन्नडात पदत्याग, हिंदी-उर्दूत समेटाचा कागद. शेवटची दोन उदाहरणे विशेष आहेत, कारण त्यांत मराठी आपल्या आर्य कुळातील हिंदीला सोडून द्राविड कुळातील कन्नडाशी जुळते. शब्दार्थाच्या प्रांतात कुळापेक्षा शेजार बलवान असतो.

साहित्याच्या अभ्यासकाला ही गोष्ट सर्वांत जवळून लागते ती वाङ्मयप्रकारांच्या नावांत. कन्नडात ‘उपन्यास’ म्हणजे व्याख्यान. महाविद्यालयातील अधिव्याख्याता तो ‘उपन्यासक’. बंगाली व हिंदीत उपन्यास म्हणजे ज्याला मराठी आणि कन्नड ‘कादंबरी’ म्हणतात ते. गुजराती त्याला ‘नवलकथा’ म्हणते, तेलुगू ‘नवल’. बाणभट्टाच्या नायिकेचे नाव एका वाङ्मयप्रकाराला मिळावे, ही विशेषनामाचे सामान्यनाम होण्याची आपल्याकडील बहुधा सर्वांत ठळक घटना. कन्नडात कादंबरीची ओळख जुनी आहे. नागवर्म्याने ‘कर्नाटक कादंबरी’ हे चंपूकाव्य रचले. पण कित्येक शतके ते एका ग्रंथाचे नावच राहिले. कन्नडात आधुनिक कादंबरी दोन दारांनी आली. म्हैसूरकडे बी. वेंकटाचार्यांनी बंकिमचंद्र कन्नडात आणले, धारवाडकडे गळगनाथांनी हरि नारायण आपट्यांना. पहिल्या दाराने ग्रंथ आले तरी ‘उपन्यास’ ही संज्ञा आत येऊ शकली नाही, कारण ती जागा व्याख्यानाने आधीच अडवलेली होती. ‘कादंबरी’ची जागा मोकळी होती आणि शेजारच्या मराठीत तो वापर रुळलेला होता. यमुनापर्यटन (१८५७) आणि मुक्तामाला (१८६१) यांच्यापासून मराठीत या प्रकाराला पिढीभराचे वय झाले होते.

‘लघुकथा’ ही संज्ञा याहून फसवी. मराठीत ती आधुनिक कथेचे सर्वसाधारण नाव म्हणून वाढली. हिंदीत त्या जागेवर ‘कहानी’ असल्यामुळे ‘लघुकथा’ पान-दीड पानाच्या अतिलघू प्रकाराकडे ढकलली गेली. ‘प्रबंध’ मराठीत पदवीसाठी लिहिलेला ग्रंथ, कन्नडात निबंध, हिंदीत व्यवस्थापन. तेव्हा हिंदी लघुकथेचा आणि मराठी लघुकथेचा तौलनिक अभ्यास असा विषय जेव्हा प्रबंधासाठी नोंदवला जातो, तेव्हा तुलनेआधीच दोन निरनिराळ्या वस्तू एका नावाखाली बांधलेल्या असतात. त्यांतून निघणारे ‘हिंदीत आशयाचे संक्षेपीकरण अधिक’ यासारखे निष्कर्ष वाङ्मयाविषयी नसून संज्ञेविषयी असतात.

यावर उपाय म्हणून सर्व भाषांनी एकच शब्द स्वीकारावा असे सुचवले जाते. ‘सचिव’ हा एकच शब्द दोघींनी स्वीकारलेला आहेच. त्यापेक्षा बहुभाषिक परिभाषाकोशात प्रत्येक संज्ञेपुढे केवळ प्रतिशब्द न देता त्या भाषेत तिच्या शेजारी उभ्या असलेल्या संज्ञा द्याव्यात : मराठी लघुकथेपुढे गोष्ट, कथा, दीर्घकथा, हिंदी लघुकथेपुढे कहानी, लंबी कहानी, कन्नड सचिवापुढे कार्यदर्शी, मराठी सचिवापुढे मंत्री, कार्यवाह, चिटणीस. असा कोश जाड होईल आणि त्याचे काम एका भाषेच्या मंडळाला पेलणार नाही. निदान शेजारच्या दोन भाषांच्या अभ्यासकांनी एका मेजाशी बसावे लागेल. मराठी-कन्नड जोडीपुरती सुरुवात साहित्यसंज्ञांपासून करता येईल, कारण त्यांची संख्या बेताची आहे आणि त्यांवरून कोणाची जमीन जात नाही.